लॅपटॉप घेताय? रॅम नंतर विचारा, आधी बिजागरी बघा

किन्हवली : बारावीचा निकाल लागला, डिप्लोमा-डिग्रीचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लॅपटॉप. कॉलेजवाले सांगतात, मुलं हट्ट धरतात आणि आई-वडील पैशाची जुळवाजुळव करतात. बजेट बहुतेकांचं ठरलेलं असतं, ४० ते ५० हजार.

शहरातल्या पगारदाराला ही रक्कम मध्यम वाटेल. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या घरात तिचा हिशेब वेगळा होतो. २०२५-२६ च्या खरीप हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे ४५ हजारांचा लॅपटॉप घ्यायचा तर १९ क्विंटल भात खरेदी केंद्रावर घालावं लागतं. ४० किलोच्या गोणीने मोजलं तर ४७ गोण्या. त्यातून बियाणं, खत, लावणी-कापणीची मजुरी अजून वजा केलेली नाही.

एवढा भात देऊन आणलेली वस्तू निदान शिक्षण पुरं होईपर्यंत टिकायला हवी. डिप्लोमाला तीन वर्षं, इंजिनिअरिंगला चार वर्षं लागतात. नव्या लॅपटॉपला वॉरंटी मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते. पुढची दोन-तीन वर्षं लॅपटॉप चालतो तो त्याच्या बांधणीवर. आणि दुकानात नेमकं बांधणीबद्दलच कोणी विचारत नाही. रॅम किती, प्रोसेसर कोणता, सोबत बॅग फुकट का, एवढ्यावर सौदा होतो.

दुरुस्तीचा खरा खर्च

शहरात लॅपटॉप बिघडला तर संध्याकाळी दुकानात टाकता येतो. किन्हवली परिसरातून दुरुस्तीला निघायचं म्हणजे एसटी किंवा जीपने आसनगाव, तिथून लोकलने कल्याण, नाहीतर सरळगाव-मुरबाडमार्गे कल्याण. एक फेरी दाखवायला, दुसरी आणायला. "पार्ट मागवलाय, आठवड्याने या" असं ऐकायला मिळालं तर तिसरी. प्रत्येक फेरीला एक दिवस जातो, रोज बुडतो किंवा कॉलेज बुडतं. पार्टची किंमत दोन हजार असली तरी घराला तो तीन-साडेतीन हजारांना पडतो. परीक्षेच्या किंवा प्रोजेक्टच्या दिवसांत हे झालं तर नुकसान पैशात मोजता येत नाही.

म्हणून गावातल्या माणसाने लॅपटॉप निवडताना दोन प्रश्न आधी विचारायचे. हा सहजासहजी मोडेल का? आणि मोडलाच, तर साध्या दुकानात दुरुस्त होईल का?

सगळ्यात आधी मोडते ती बिजागरी

लॅपटॉपचं झाकण दोन छोट्या लोखंडी बिजागऱ्यांवर फिरतं. बिजागरी स्वतः सहसा तुटत नाही. ती ज्या स्क्रूने बसवलेली असते, ते स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या बारीक पितळी नटांत असतात. झाकण रोज उघड-बंद करताना सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो. एका कोपऱ्याला धरून झाकण उचलायची सवय असेल तर एकाच बाजूवर दुप्पट ताण पडतो. वर्ष-दोन वर्षांत नट उपटतात, कडेचं प्लास्टिक फाकतं, झाकण उघडताना "कट्" असा आवाज येतो. स्क्रीनची केबलही बिजागरीजवळूनच जाते. ती दाबली गेली की स्क्रीन लुकलुकते, मग काळी पडते. नटांपासून सुरू झालेलं दुखणं स्क्रीनपर्यंत पोचतं.

दुकानात डेमोचा लॅपटॉप हातात घ्या आणि या पाच गोष्टी करून बघा.

पहिली, झाकण मधोमध धरून सावकाश उघडा. ते एकसारखं उघडलं पाहिजे. प्लास्टिकच्या बॉडीत बिजागरी फारच घट्ट असेल तर ताण प्लास्टिकवरच जाणार.

दुसरी, उघडल्यावर टेबलाला हलका धक्का द्या. झाकण लगेच स्थिर झालं पाहिजे.

तिसरी, झाकणाचे वरचे दोन कोपरे धरून अगदी हलकंसं पिळून बघा. स्क्रीनवर रंगांच्या लाटा उठत असतील तर झाकण कच्चं आहे. एसटीच्या गर्दीत बॅग दाबली गेली की स्क्रीनवर दाब येणार.

चौथी, उघडा लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचला. करकर आवाज आला, बॉडी वाकली, तर आतला बोर्डही तसाच वाकणार.

पाचवी, कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा. तो गादीसारखा खाली जात असेल तर मॉडेल बाजूला ठेवा.

दुकानदाराला एक प्रश्न स्पष्ट विचारा. "बॉडी मेटलची आहे की मेटल फिनिश?" मेटल फिनिश म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकवर चंदेरी रंग. निदान झाकण आणि कीबोर्डभोवतीचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर बरं. पण धातू दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, वरच्या पाचही गोष्टी तरी करूनच बघा. चांगल्या जाड प्लास्टिकचा लॅपटॉप पातळ पत्र्याच्या लॅपटॉपपेक्षा जास्त टिकू शकतो.

चार्जिंगची पिन आणि गावची लाइट

बिजागरीनंतर दुखणं येतं ते चार्जिंगच्या जागेचं. गोल पिनच्या चार्जरला धक्के बसून बसून आतला जॅक सैल होतो. काही मॉडेलमध्ये हा जॅक छोट्या वायरने बोर्डाला जोडलेला असतो, तो थोडक्यात बदलता येतो. काहींमध्ये थेट बोर्डावर झाळलेला असतो, तिथे काम वाढतं आणि खर्चही.

शक्य असेल तर यूएसबी टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप बघा. त्याला ६५ वॅटचा "पॉवर डिलिव्हरी" चार्जर चालतो आणि तो कुठल्याही चांगल्या कंपनीचा घेता येतो. गोल पिन आणि टाइप-सी दोन्हीवर चार्ज होणारा मिळाला तर फारच छान, एक जागा खराब झाली तरी काम थांबत नाही. मात्र लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. दुकानात लावून खात्री करा.

लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यामुळे कमी-जास्त व्होल्टेज तो बऱ्यापैकी सांभाळतो. विजेचा लोळ मात्र सांभाळू शकत नाही. वळवाचा पाऊस असो की परतीचा, गडगडाट सुरू झाला की चार्जर बोर्डातून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेटल बॉडीच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या अर्थिंगकडे बघा. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या जोडावर लावला की हे हमखास होतं.

बॅटरी किती तास चालते हे जाहिरातीवरून ठरवू नका. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. साधं लिखाण, इंटरनेट वापरताना लॅपटॉप सुमारे ८ वॅट खातो असं धरलं, तर ५० वॅट-अवरची बॅटरी सहा तासांच्या आसपास चालते. ४० च्या खालची बॅटरी असेल तर लाइट गेलेल्या दिवशी ती अपुरी पडणार.

आत काय बघायचं?

बांधणी पसंत पडली की मग आतला माल.

साठवणीसाठी एसएसडीच हवी, ५१२ जीबी असेल तर उत्तम. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची "ईएमएमसी" मेमरी असते. ती मंद चालते, विंडोजच्या अपडेटनेच भरून जाते आणि बोर्डावर झाळलेली असल्याने बदलताही येत नाही. ती टाळा.

रॅम कमीत कमी ८ जीबी. ऑटोकॅड, कोडिंग किंवा व्हिडिओचं काम असेल तर १६ जीबी. इथे एक प्रश्न महत्त्वाचा आहे. "रॅमला रिकामा स्लॉट आहे का?" काही मॉडेलमध्ये सगळी रॅम बोर्डावरच झाळलेली असते. आज ८ घेतली की कायम ८. स्लॉट असेल तर आज ८ घेऊन दोन वर्षांनी, हातात पैसे आल्यावर वाढवता येते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्याने हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा झाला आहे.

प्रोसेसरच्या नावावर भुलू नका. एएमडीचे "रायझन ५ ७५२०यू" आणि "रायझन ५ ७५३०यू" ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण पहिल्यात जुन्या पिढीची रचना आहे, दुसऱ्यात तिच्या पुढच्या पिढीची. एएमडीच्या या सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, तो जितका मोठा तितकं बरं. इंटेलमध्ये बाराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय-३ सुद्धा कॉमर्स, टॅली, ऑनलाइन फॉर्म, साधं प्रोग्रामिंग या कामांना पुरतो. आय-५ च्या नावापोटी कच्ची बॉडी घेण्यापेक्षा पक्क्या बॉडीतला आय-३ केव्हाही चांगला.

कीबोर्डबद्दलही विचारून ठेवा. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या प्लास्टिकला वितळवून बसवलेला असतो. दोन बटणं गेली तरी अख्खा वरचा भाग बदलावा लागतो. स्क्रूवर बसवलेला कीबोर्ड मात्र सुटा बदलता येतो.

"मिलिटरी ग्रेड" म्हणजे काय?

अनेक जाहिरातींत "मिल-एसटीडी-८१०एच" असं लिहिलेलं असतं. ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलेली चाचण्यांची पद्धत आहे. उष्णता, दमट हवा, धूळ, कंपन, पडणं अशा अनेक चाचण्या त्यात आहेत. पण कुठलंही सैन्य लॅपटॉप तपासून शिक्का मारत नाही. कंपनी स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून त्यातल्या निवडक चाचण्या करून घेते. त्यामुळे हा शब्द असला तर ठीक, पण त्यावर विसंबून राहू नका. शिवाय या चाचणीत पास झालेला लॅपटॉप पडून फुटला तर कंपनी तो वॉरंटीत घेईलच असं नाही.

ऑफिसवाल्यांच्या मालिका

प्रत्येक मोठी कंपनी दोन प्रकारचे लॅपटॉप बनवते. एक घरगुती ग्राहकांसाठी, दिसायला चकचकीत. दुसरे ऑफिससाठी, दिसायला साधे, काळे-करडे, पण बांधणीने पक्के. लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे प्रोबुक आणि एलिटबुक, डेलचे लॅटिट्यूड, असुसचे एक्सपर्टबुक, एसरचे ट्रॅव्हलमेट हे दुसऱ्या प्रकारातले. थिंकपॅड १९९२ मध्ये आयबीएमने आणला, २००५ मध्ये तो धंदा लेनोवोने घेतला. डेलने २०२५ पासून लॅटिट्यूड हे नाव बंद करून डेल प्रो असं नाव दिलं आहे, त्यामुळे दुकानात दोन्ही नावं ऐकू येतील.

ऑफिसला एकदम शेकडो लॅपटॉप लागतात, रोज दुरुस्ती परवडत नाही. म्हणून या मालिकांत बिजागरी मजबूत, कीबोर्ड चांगला, खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडणारं असतं. कंपन्या या मॉडेलची दुरुस्तीची पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवतात, ती बघून साधा मेकॅनिकही काम करू शकतो. सुटे भाग मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात शोधता येतात. या मालिकांतली सुरुवातीची मॉडेल कधी कधी ५० हजारांच्या आसपास मिळतात. घरगुती मॉडेलपेक्षा त्यांचा प्रोसेसर एखादी पायरी खाली असेल, पण टिकाऊपणात फरक पडतो.

जुना घ्यायचा का?

कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप बदलतात. ते साफ करून "रिफर्बिश्ड" म्हणून बाजारात येतात. साधारण २० ते ३० हजारांत चांगला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मिळू शकतो. पैसे कमी असतील तर नव्या कच्च्या लॅपटॉपपेक्षा हा पर्याय बरा, पण डोळे उघडे ठेवून.

इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विक्रेता कसंतरी करून घालून देतो म्हणाला तरी नको, पुढच्या अपडेटची खात्री राहत नाही.

लॅपटॉप समोर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. सुरू होताना पासवर्ड मागितला किंवा विंडोज नव्याने बसवताना कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागितलं, तर तो जुन्या मालकाच्या ताब्यातून सुटलेला नाही. तसा लॅपटॉप फुकट दिला तरी घेऊ नका.

बॅटरीची तब्येत विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसते. तो विक्रेत्याला काढून दाखवायला सांगा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही आकडे त्यात असतात. आजचा आकडा मूळच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी असेल तर बॅटरीचे पैसे सौद्यातून कमी करून घ्या. खालचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून मॉडेल खरं आहे का, तेही तिथेच बघा.

बिल, वॉरंटी आणि तक्रार

"बिल नको असेल तर स्वस्तात देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ४५ हजारांच्या किमतीत सुमारे ६,८६० रुपये कराचे असतात. ते वाचवायला गेलात तर वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही जातं. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

वॉरंटी "ऑनसाइट" म्हणजे माणूस घरी येणारी, की "कॅरी-इन" म्हणजे आपण घेऊन जायची, हे विचारा. ऑनसाइट असेल तर आपल्या पिनकोडला माणूस येतो का, हे कंपनीच्या फोन नंबरवर आधीच विचारून घ्या. बजेटमधले तीन-चार हजार बाजूला ठेवून कंपनीचीच वाढीव वॉरंटी घेता आली तर गावाकडे ती उपयोगी पडते. पडणं-सांडणं साध्या वॉरंटीत बसत नाही, त्याचं संरक्षण वेगळं असतं.

बिजागरी तुटली की "हे तुमच्या हाताळण्याने झालं" असं उत्तर पुष्कळदा मिळतं. म्हणून नवीन लॅपटॉप घरी आल्यावर चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. बिजागरीतून आवाज यायला लागला, फट दिसली, की त्याच आठवड्यात लेखी तक्रार नोंदवा. वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात एकदा नीट तपासणी कराच. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान किंवा कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

घरी आल्यावर

चांगला लॅपटॉपही वाईट सवयींनी लवकर जातो. झाकण दोन हातांनी किंवा मधोमध धरून उघडायचं. गोधडीवर, गादीवर ठेवून वापरायचा नाही, हवा बहुधा खालून आत जाते, तिची वाट बंद झाली की लॅपटॉप तापतो. बॅगेत चार्जर झाकणाला टेकून ठेवायचा नाही, दाबाने स्क्रीन फुटते. एसटीत बॅग वरच्या फळीवर न टाकता मांडीवर घ्यायची. पावसाळ्यात बॅगेच्या आत एक प्लास्टिकची पिशवी असू द्यावी. चुलीच्या धुरापासून आणि भिंतीच्या ओलीपासून तो लांब ठेवावा. लॅपटॉप जवळ बसून खाणं टाळावं, कीबोर्डमध्ये मुंग्या शिरतात.

खरेदीला जाताना घाई करू नका. दोन-तीन दुकानं फिरा, दर वहीत लिहा, शक्यतो लॅपटॉप वापरणारं कोणीतरी सोबत न्या. दुकानदार रॅम आणि प्रोसेसरचे आकडे सांगत असेल तेव्हा ते ऐका, पण तोवर हाताने झाकण उघडून बघा. बैल घेताना आपण आधी त्याचे दात बघतो, चालवून बघतो. ४७ गोण्या भाताची वस्तू घेतानाही तेवढं बघायला हवं.